तासाभराची आगाऊ माफी

किकबॉक्सिंगच्या क्लासमध्ये लाथ कशी मारायची हे शिकवावं लागतं, एवढं मला माहीत होतं. लाथ मारून झाल्यावर नमस्कार करायचा नसतो, हेही शिकवावं लागेल असं मात्र पुण्यात मला तयार करणाऱ्या एकाही ट्रेनरनं सांगितलं नव्हतं. त्यांना स्वतःलाच ते ठाऊक नसावं. त्यांनी कधी परंदवडीच्या बायकांना लाथा शिकवल्या नव्हत्या.

माझी ही बॅच सोमाटण्याहून परंदवडीकडे जाताना लागणाऱ्या एका मंगल कार्यालयात भरते. सकाळी, सगळ्यांचे डबे भरून झाले की. मुहूर्त असला की क्लास बंद, नाहीतर मागच्या पार्किंगमध्ये. आदल्या दिवशी लग्न झालेलं असलं की हॉलभर अक्षता पडलेल्या असतात आणि अक्षतांवर पाय द्यायला एकही बाई तयार नसते, म्हणून आमचा वॉर्मअप केरसुणीनं सुरू होतो. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या, मागे थर्माकोलचे मोर, हवेत कालच्या मसालेभाताचा वास, आणि खाली ओढण्या कमरेला करकचून बांधलेल्या बायका हवेत ठोसे मारतायत, असा तो देखावा असतो.

मी मूळची वडगावची. अब्बांचं तिथे बांगड्यांचं दुकान होतं, आणि आजूबाजूच्या गावांतल्या निम्म्या बायकांच्या हातात त्यांनी बांगड्या भरल्या आहेत. आता त्याच मनगटांवर मी ग्लोव्ह्ज चढवते. काचेच्या बांगड्या काढायला कुणी तयार होत नाही, मग त्या कोपराकडे सरकवून वर रुमाल बांधायचा आणि मग ग्लोव्ह. अम्मी म्हणते, बापानं भरायच्या आणि लेकीनं फोडायच्या, चांगला धंदा आहे तुमचा.

ठोशांपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. मग लाथा आल्या. मी जोड्या लावल्या. एकीनं पॅड धरायचं, म्हणजे हातात अडकवायची ती जाड गादी, आणि दुसरीनं तिच्यावर लाथ मारायची. मी शिट्टी वाजवली. एका रांगेनं पाय उचलला, पॅडला लावला, आणि लगेच अख्खी रांग वाकली. सगळ्यांनी पॅडला बोटं टेकवली, ती डोळ्यांना लावली आणि सरळ उभ्या राहिल्या. समोरच्या रांगेनं पॅडमागून आशीर्वाद दिला, "असू दे, असू दे."

मी विचारलं, "हे काय चाललंय?"

"पाय लागला ना मॅडम."

"अहो, लावायचाच होता."

"व्हय, पन लागला ना."

मला राग पटकन येतो आणि आला की आवाज चढतो. मी जाहीर केलं, जी नमस्कार करेल तिनं दहा बैठका मारायच्या. त्यांना हे फारच पसंत पडलं. लाथ मारायची, नमस्कार करायचा, कुणी न सांगता दहा बैठका काढायच्या आणि पुढची लाथ मारायची. नमस्कार एकही कमी झाला नाही. बॅचच्या मांड्या मात्र दगडासारख्या झाल्या.

शेवटी मी म्हटलं, बघा, मी करून दाखवते. पहिल्या रांगेतल्या एका वयस्क काकूंना पॅड धरायला लावलं आणि कडक लाथ ठेवून दिली. पाय खाली येईपर्यंत माझा उजवा हात आपोआप छातीकडे गेला होता. दुकानात बांगड्यांच्या पेट्या जमिनीवरच मांडलेल्या असायच्या आणि पेटीला पाय लागला की छातीला हात लावायचा, हे अब्बांनी आम्हा भावंडांना बोलायला यायच्या आधी शिकवलं होतं. ते कुठल्या धर्मात लिहिलंय हे कुणी विचारलं नव्हतं. ते दुकानात होतं. बॅचनं माझा हात पाहिला. मग एकजात सगळ्या म्हणाल्या, "मॅडम, धा."

मी दहा बैठका मारल्या.

तोडगा काढला तो आंबीच्या एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या करणाऱ्या बाईनं. दुपारची पाळी असायची म्हणून ती सकाळी यायची, आणि तिला वेळ वाया गेलेला चालायचा नाही. ती म्हणाली, "मॅडम, दर लाथंला वाकन्यात लय टाइम जातो. आपन सुरवातीलाच एकदा पाया पडून घिऊ. तासाभराचं एकदम." हे सगळ्यांना पटलं. तेव्हापासून आमचा क्लास असा सुरू होतो: समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीनं आपल्या जोडीदारिणीला वाकून नमस्कार करायचा, "तासाभराची माफी" म्हणायचं, आणि मग मागचापुढचा विचार न करता हाणायचं. एक-दोघींनी ही माफी घरी चालेल का अशी चौकशी केली. मी सांगितलं, हॉलच्या दारापर्यंतच चालते.

शहरी क्लासातली आणखी एक युक्ती इथे मोडीत निघाली. शनिवार-रविवार मी लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर शिकवायची. तिथे मुंबई-पुण्याच्या कंपन्यांची माणसं सहलीला येतात, त्यांना स्विमिंग पूलशेजारी ग्लोव्ह्ज घालून उभं करायचं आणि सांगायचं, ज्याचा राग येतो त्याला डोळ्यासमोर आणा. लगेच ठोशांत जोर येतो. हेच मी परंदवडीत सांगितलं तर सगळ्या खाली बघायला लागल्या. इथे जिचा राग येतो ती शेजारच्याच रांगेत असते. कुणाची जाऊ, कुणाची नणंद, कुणाची चुलतसासू. एकीनं प्रामाणिकपणे विचारलं, "हितं हजर आसल तिलाच आनायचं, का गैरहजर बी चालंल?"

या सगळ्यांत माझी सगळ्यात तयार विद्यार्थिनी म्हणजे कार्यालयाच्या मालकांची धाकटी सून. तिला घरचे, गावचे, सगळेच धाकटी म्हणायचे, नवरासुद्धा. घरातल्या सगळ्यांना चहा देऊन आपला उभ्या उभ्याच पिऊन क्लासला यायची. सडपातळ, शांत, आणि लाथ अशी की पॅड धरणारी दोन पावलं मागे जायची. जोडीदारीण बदलून घ्यायला बायका कारणं शोधायच्या, धाकटी समोर आली तर पोट दुखायला लागायचं. फक्त बोलायची नाही. तिला काही विचारलं की उत्तर तिच्या शेजारची द्यायची.

त्या वर्षी माझा गुडघा कुरकुर करायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं, एक काहीतरी सोडा. मी लोणावळा सोडायचं ठरवलं आणि तिथल्या साहेबांना म्हटलं, माझ्या बॅचमधली एक मुलगी आहे, तिला तयार करते. मग एक दिवस पॅड रचून ठेवताना धाकटीला विचारलं, "जाशील का शनिवार-रविवार लोणावळ्याला? शिकवायला?" नशिबानं शेजारी उत्तर द्यायला कुणी नव्हतं. ती बराच वेळ पॅडचा पट्टा सरळ करत राहिली. मग हळूच म्हणाली, "तितं मला कुनी धाकटी म्हननार न्हाई ना?"

त्या दिवशी मी ठरवलं की ही पोरगी लोणावळ्याला जाणार म्हणजे जाणार.

आता घरच्यांची परवानगी. तिचा नवरा तिला स्कूटरवर सोडायला यायचा, त्याला गाठलं. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही. तिला जायचंयच. पण तुम्ही आईशी बोला." मी म्हटलं, तुझी आई आहे, तू बोल. तर म्हणाला, "मी बोललो की आई म्हणेल बायकोच्या डोक्यानं चालतो." त्याच्या वडिलांना, म्हणजे आबांना गाठलं. आबा म्हणाले, "आमचं काय न्हाई बा. पोरीला जायचंय तर जाऊ द्या. पन घरातलं समदं तीच बघती." ती, म्हणजे धाकटीची सासू. गावातल्या कुठल्याही गोष्टीवर तिचा शब्द अखेरचा असायचा. पावसाचं काय ते मला माहीत नाही.

या आबांची एक भानगड आधीच होऊन बसली होती. हॉल मागताना मी त्यांना व्यायामाचा क्लास एवढंच सांगितलं होतं. त्यांनी ते आपल्या मनानं योगा असं धरलं आणि गावभर तेच सांगितलं. मीही कशाला दुरुस्त करू. एका सकाळी ते मुलीकडच्या मंडळींना हॉल दाखवायला घेऊन आले. आत आमच्या सगळ्या जणी तोंडानं "हू, हू" करत एकमेकींना लाथा मारत होत्या. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, हे काय आहे. आबांनी डोळ्याची पापणीही न हलवता सांगितलं, "योगा. नवीन आलाय." मग पाहुण्यांना स्वयंपाकघर दाखवायला नेलं आणि घरी जाऊन बायकोला म्हणाले, जरा बघून ये.

दुसऱ्या दिवशी मावशी, म्हणजे धाकटीच्या सासूबाई, आल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात सोलायला पावट्यांची पाटी. सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि थेट स्टेजवर चढून नवरदेवाच्या खुर्चीत बसल्या. मला म्हणाल्या, "तू वडगावच्या मनियाराची लेक ना? तुज्या बापानं माज्या लग्नात बांगड्या भरल्या व्हत्या. चालू दे तुजं."

चालू काय द्यायचं. मावशी बसल्या आणि सगळ्यांच्या लाथा गुडघ्याच्या वर जाईनाशा झाल्या. धाकटी तर पाय असा उचलायला लागली जशी उंबरठ्यावरची रांगोळी ओलांडायची आहे. मी ओरडले, टाळ्या वाजवल्या, गाण्याचा आवाज वाढवला. काही उपयोग नाही. मावशी रोज येत होत्या, पावटे सोलत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

आठवडाभरानं मी धीर करून स्टेजवर गेले आणि लोणावळ्याचा विषय काढला. मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. लोक काय म्हणतील, घरची कामं कोण करेल, बाईमाणसानं लाथा मारणं शोभतं का, यातल्या प्रत्येकावर माझ्याकडे जोरदार भाषण होतं.

मावशी म्हणाल्या, "तिला येत न्हाई."

माझी सगळी भाषणं वाया गेली. "मावशी, माझ्या बॅचमध्ये तिच्यासारखी लाथ कुणाचीच नाही."

"आसंल. म्या न्हाई बगितली."

"तुम्ही समोर बसता म्हणून ती मारत नाही."

"मंग? तितं लोनावळ्याला मोठाली मान्सं येत्यात. माज्यावानी एखादी म्हातारी येऊन बसली म्होरं, का हिचा पाय गेला आखडून. मंग हसत्यात. माज्या सुनंला कुनी हसल्यालं मला खपायचं न्हाई. माज्याम्होरं मारू दे, मंग खुशाल जाऊ दे."

आता हे इतकं सरळ होतं की त्यावर भांडताही येईना. पण माझ्या अंगात एक खोडकर जनावर आहे, ते अशा वेळी गप्प बसत नाही. मी म्हटलं, "समोर कशाला बसता मावशी, पॅडच धरा की."

मावशींनी पाटी बाजूला ठेवली. कासोटा एकदा चाचपला आणि खाली उतरल्या.

पॅड कसं धरायचं हे मला त्यांना शिकवावं लागलं नाही. कोपर अंगाशी, पाय भाताच्या खाचरात रोवतात तसे रोवलेले. बॅचमधली एकही बाई त्यांच्यावर पाय उचलायला तयार होईना, म्हणून मीच आगाऊ माफी मागून एक लाथ मारली. गुडघ्याची कीव न करता मारली. मावशी जागच्या हलल्या नाहीत. पॅडवरून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "येवडंच व्हय?"

मग धाकटीची पाळी. ती वाकली, सासूच्या पाया पडली, तासाभराची माफी म्हणाली, मागे आली, पाय उचलला, तो झपकन आला आणि पॅडच्या वीतभर अलीकडे हवेतच थांबला. पुन्हा केलं, पुन्हा थांबला. रोज हेच. इतका उंच पाय हवेत तसाच धरून ठेवणं हे खरं तर लाथ मारण्यापेक्षा अवघड आहे, पण ते कौतुक करायची ती वेळ नव्हती.

मी नाना उपाय केले. धाकटीला डोळे मिटून मारायला लावलं, तर मिटल्या डोळ्यांनीही पाय बरोबर वीतभर अलीकडे थांबला. डेकोरेशनवाल्याचा एक गुलाबी पडदा मावशींना डोक्यावरून घातला आणि म्हटलं, आता सासू नाही, पडदा आहे. धाकटीनं खाली बघितलं. पडद्याखालून मावशींची जोडवी दिसत होती. पाय खाली आला.

मग मला वाटलं, राग यायला पाहिजे. मी म्हटलं, "मावशी, तिला जरा लागेल असं काहीतरी बोला."

मावशींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. सगळा हॉल कान देऊन उभा. "काय बोलू? भाकरी बरी करती. पोरं सांभाळती." मी म्हटलं, आठवा, काहीतरी असेलच. शेवटी त्यांनी आवाज चढवला, "तुजी आमटी पातळ आसती."

"व्हय आई," धाकटी म्हणाली, "उद्या घट करते."

बॅच हसून जमिनीवर बसली. मीही हसले. धाकटी मात्र पॅड गोळा करताना माझ्याकडे बघत नव्हती, आणि तेव्हा माझं हसू थांबलं. आमच्यासाठी ही रोजची करमणूक झाली होती. तिचा लोणावळा एकेक दिवसानं लांब जात होता.

रिसॉर्टच्या साहेबांचा फोन आला, की शनिवारपासून कुणीतरी पाहिजे, नाहीतर पुण्याहून एक मुलगा येतोय त्याला ठेवतो. पुण्याला जाताना वाटेत येतो, तुमच्या मुलीला बघतो आणि तिथेच नक्की करू. ते यायचे त्या दिवशी नेमका मुहूर्त निघाला. हॉलमध्ये लग्न, म्हणून आम्ही मागच्या पार्किंगमध्ये, आणि पार्किंगच्या अर्ध्या भागात आचाऱ्यांनी चुली मांडलेल्या. एका बाजूला बायका वांगी चिरतायत, दुसऱ्या बाजूला आमच्या रांगा, मध्ये मांडवाचे बांबू. आबा पांढऱ्या टोपीत येरझाऱ्या घालतायत. नवरा स्कूटरवरून उतरलाच नाही, पण गेलाही नाही.

साहेब आले. पांढरे बूट, गोड बोलणं. मी त्यांना सगळं समजावून दिलं: ही मुलगी, ह्या तिच्या सासूबाई, ह्यांच्यासमोर लाथ बसली की घरून परवानगी. साहेबांना यातलं काही समजलं नसावं, पण ते नम्रपणे हो हो म्हणाले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.

मावशींनी पॅड धरलं. धाकटी पाया पडली, मागे आली. पाय उचलला. वीतभर अलीकडे थांबला. पुन्हा उचलला, पुन्हा थांबला. वांगी चिरणाऱ्या बायकांच्या विळ्या थांबल्या. साहेबांनी हातातल्या घड्याळाकडे बघितलं, चोरून, पण बघितलं.

मी पुढे झाले. "सर, एरवी ती फार छान—"

"साहेब," स्कूटरवरून नवरा म्हणाला, "तिला जायचंय हो, घरी तर ती—"

"आवो, पोरगी लय तयार हाय," मांडवातून आबा म्हणाले, "तिला जायचंय बी लय—"

"गप बसा समदी," मावशी म्हणाल्या.

आचाऱ्यानं झारा खाली ठेवला. मावशी पॅड धरून उभ्याच होत्या. सुनेला म्हणाल्या, "मार."

धाकटीनं पाय उचललाच नाही. दोन्ही पायांवर सरळ उभी राहिली. ओढणीची गाठ सोडली, पुन्हा बांधली.

"न्हाई मारनार," ती म्हणाली.

मला वाटलं, संपलं.

"आई, मी तुमाला लाथ मारनार न्हाई. आज न्हाई आन् उद्या बी न्हाई. तुमी कितीबी दिस धरून उभ्या ऱ्हावा. मला ती मारायचीच न्हाई." तिनं श्वास घेतला. आवाज चढत गेला, मी त्या मुलीचा आवाज इतका मोठा कधी ऐकलाच नव्हता. "आन् लोनावळ्याला मी जानार हाय. मला जायचंय. लय जायचंय."

बॅचमधल्या दोघी-तिघींनी तोंडाला ग्लोव्ह लावले. आबांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. परंदवडीत एखाद्या सुनेनं चारचौघांत, त्यातून लग्नघरात, मावशींना न्हाई म्हटल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नव्हतं. मला एकाच वेळी तिच्यासमोर जाऊन उभं राहावंसं वाटत होतं आणि कुठेतरी लपावंसंही वाटत होतं.

मावशी म्हणाल्या, "मंग इतके दिस काय करत व्हतीस?"

"पाय उचलत व्हते."

"पायाचं ऱ्हाऊ दे. ह्यो स्कूटरीवरनं सांगतो, तिला जायचंय. म्हातारा सांगतो, तिला जायचंय. ही मनियाराची लेक तर रोज सांगती. तू कवा सांगितलंस?"

"तुमी तरी कवा इचारलंत?"

मावशींनी हातातलं पॅड काढलं. पट्ट्यात अडकलेल्या बांगड्या सोडवायला त्यांना वेळ लागला, आणि कुणीही मदतीला पुढे झालं नाही.

"न्हाई इचारलं," त्या म्हणाल्या. "त्ये माजं ऱ्हायलं."

त्यांनी पॅड माझ्या हातात दिलं आणि साहेबांकडे वळल्या. "न्या हिला शनवारपासनं. मला वाटत व्हतं, मोठ्या मान्सापुढं आखडती. न्हाई आखडत." मग वांग्यांच्या दिशेनं चालायला लागल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं का, ते मला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांत होतं आणि ते मी पुसलं नाही.

साहेब उठून उभे राहिले. लाथ त्यांनी एकही बघितली नव्हती, पण जे बघितलं त्यानं ते बरेच चकित झालेले दिसत होते. खिशातून फोन काढून त्यांनी घाईघाईनं सगळं नक्की केलं आणि धाकटीला म्हणाले, "छान, छान. मग शनिवारी सकाळी सातला या मॅडम. पाहुणे लवकर उठतात."

धाकटीनं आधी माझ्याकडे बघितलं. सवयीनं मी तोंड उघडलं होतं, ते मिटून घेतलं.

"न्हाई," ती साहेबांना म्हणाली. "आठ. मी घरनं च्या पिऊन येनार, बसून."

वांगी चिरायला खाली बसत असलेल्या मावशी अर्ध्यातच थांबल्या आणि वळून सुनेकडे बघायला लागल्या.

"आठ," साहेब म्हणाले, आणि फोनमध्ये लिहून घेतलं.